खोलीतली खोली

गेल्या महिन्यात थोरल्या बहिणीचा संदेश आला. तिच्या ११ वर्षांच्या मुलीने वाढदिवसासाठी व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर चढवून आभासी जग पाहण्याचे यंत्र, मागितला होता, आणि माझ्याकडे तो दोन वर्षांपासून असल्यामुळे घ्यावा की घेऊ नये एवढेच मी सांगावे, अशी ताईची अपेक्षा होती. मी लगेच उत्तर लिहायला बसले, चार वेळा लिहिले आणि चारही वेळा पुसून टाकले. नाही म्हणावे, तर या यंत्राने मला दिलेले दोन-तीन अनुभव आठवत होते, जे दुसऱ्या कोणत्याही साधनाने मला मिळाले नसते. हो म्हणावे, तर मधले ते सहा-सात आठवडे आठवत होते, ज्यांत हेडसेट कपाटाच्या वरच्या फळीवर पडून होता आणि घरातल्या कोणालाही त्याची आठवण झाली नव्हती.

यंत्र घरी आले त्या दिवसापासून मी त्याची एक वही ठेवली आहे. हेडसेट कशासाठी चढवला, किती वेळ ठेवला आणि काढल्यावर कसे वाटले, एवढेच त्यात प्रत्येक वेळी लिहायचे, असा नेम मी केला होता आणि तो बऱ्यापैकी पाळला. ताईला उत्तर देण्यासाठी ती वही पहिल्या पानापासून वाचली आणि फायदे एका बाजूला, तोटे दुसऱ्या बाजूला असे मांडू लागले. ते जमेना, कारण जे पान फायद्यांत टाकावे त्याचीच दुसरी बाजू तोट्यांत जात होती. असे का होते याचा विचार करताना मला वारंवार वहीच्या अगदी सुरुवातीच्या एका नोंदीकडे यावे लागले. ती नोंद माझी नसून माझ्या नवऱ्याची आहे.

माझ्या नवऱ्याचा डावा डोळा लहानपणी तिरळा होता. शस्त्रक्रियेने तो दिसायला सरळ झाला, पण दोन डोळ्यांना दिसणारी दोन किंचित वेगळी चित्रे जुळवून त्यांतून अंतर ओळखण्याची जी क्षमता मेंदूला बालपणातच कमवावी लागते, ती त्याला मिळाली नाही. त्रिमिती चित्रपटाचा चष्मा लावला तरी त्याला पडदा सपाटच दिसतो. त्यामुळे हेडसेट त्याच्या उपयोगाचा नाही हे आम्ही दोघांनीही गृहीत धरले होते, आणि पहिल्या आठवड्यात त्याने तो चढवला तो केवळ कुतूहलापोटी. आत एका प्राचीन दगडी सभागृहाचे, हजारो छायाचित्रांवरून जुळवलेले रूप सुरू होते. तो थोडा वेळ निश्चल उभा राहिला. मग त्याने मान डावीकडे कलवली, तेव्हा समोरच्या खांबामागे दडलेले दार त्याला दिसू लागले. मान परत आणली तसे ते दार खांबाआड गेले. हे त्याने आठ-दहा वेळा केले आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाला, “खांब पुढे आहे आणि दार मागे आहे.” मी ते वाक्य जसेच्या तसे वहीत उतरवून ठेवले आहे.

याचे स्पष्टीकरण मला नंतर वाचनातून मिळाले. ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे स्टीरिओस्कोप या उपकरणाचे वर्णन केले आणि दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रे दाखवली तर मेंदू त्यांतून एकच घन वस्तू उभी करतो हे सिद्ध केले. आजच्या हेडसेटमध्ये हे तत्त्व आहेच. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे, आणि तिची सुरुवात १९६८ साली संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलंड यांनी एका निबंधातून मांडलेल्या, डोक्यावर चढवायच्या पडद्यापासून होते. ते यंत्र इतके अवजड होते की छतापासून खाली येणाऱ्या दांड्याच्या आधाराने ते वापरावे लागे, आणि त्याच दांड्याच्या साहाय्याने डोक्याची जागा व दिशा मोजली जाई. आत दिसत ती केवळ रेषांची चित्रे, पण डोके हलले की त्या रेषाही खऱ्या वस्तूप्रमाणे बदलत. दोन डोळ्यांना दोन चित्रे देणे महत्त्वाचे असले, तरी पाहणाऱ्याचे डोके हलल्यावर चित्रात होणारा बदल त्याहून अधिक महत्त्वाचा आहे, असे सदरलंड यांनी त्या निबंधाच्या सुरुवातीलाच नोंदवले होते. माझ्या नवऱ्याने खांबापाशी उभे राहून जे अनुभवले ते हेच होते. जवळची वस्तू मान हलवताच अधिक सरकते, दूरची कमी सरकते, आणि हे ओळखायला एक डोळाही पुरतो.

तेव्हापासून मी या यंत्राकडे डोळ्यांचे यंत्र म्हणून न पाहता मानेचे यंत्र म्हणून पाहू लागले. पडदा कितीही मोठा असला तरी मान वळवली की तो संपतो आणि आपली भिंत, आपली खिडकी, खुर्चीवर टाकलेले कपडे दिसतात. हेडसेटमध्ये मान वळवली की तिकडेही जग असते. माझ्या अनुभवात जे काही मोलाचे आले ते या एका गोष्टीतून आले, आणि जे त्रासाचे आले तेही तिथूनच आले.

मोलाचे आधी सांगते. ॲमस्टरडॅममध्ये ज्या घरात रोजनिशी लिहिणारी ज्यू मुलगी ॲन फ्रँक आणि तिच्याबरोबरची माणसे, अशी एकूण आठ जणे, १९४२ ते १९४४ या काळात नाझींपासून लपून राहिली, ते घर आज संग्रहालय आहे. तिचे वडील ओटो फ्रँक यांच्या इच्छेनुसार लपण्याच्या त्या खोल्या तिथे रिकाम्याच ठेवलेल्या आहेत. २०१८ साली संग्रहालयाने त्या खोल्यांचे आभासी रूप प्रसिद्ध केले आणि त्यात मात्र त्या सामानासह दाखवल्या. त्या घराविषयी मी शाळेत असल्यापासून वाचत आले होते आणि छायाचित्रेही पुष्कळ पाहिली होती. परंतु पलंग आणि टेबल यांच्यामध्ये चालायला किती जागा उरते, हे मला त्या दिवशी प्रथम कळले, कारण तिथून जाताना मी नकळत अंग चोरले. ते टेबल खरे नव्हते आणि मला कशाचाही धक्का लागणार नव्हता, तरी माझे खांदे आपोआप आत आले. माणसे वाढतील, महिने जातील आणि या जागेतून बाहेर पडता येणार नाही, ही माहिती वाचून डोक्यात होतीच. ती अंगात उतरली ती त्या अंग चोरण्याने. वहीत त्या नोंदीपुढे २५ मिनिटे असे लिहिले आहे आणि काढल्यावर कसे वाटले या जागी मी काहीच लिहिलेले नाही.

शरीराला असे पटवून देण्याची ही शक्ती वैद्यकाने घरगुती हेडसेट बाजारात येण्याच्या कितीतरी आधी ओळखली होती. मानसशास्त्रज्ञ बार्बरा रॉथबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंचीची भीती असलेल्या माणसांना आभासी सज्जांवर आणि पुलांवर उभे करून ती भीती कमी होते का याची तपासणी केली आणि तिचे अनुकूल निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध केले. हंटर हॉफमन यांनी वॉशिंग्टन विद्यापीठात भाजलेल्या रुग्णांसाठी एक बर्फाळ दरी तयार केली. जखमांची मलमपट्टी चालू असताना रुग्ण त्या दरीतून तरंगत जातो आणि बर्फाचे गोळे फेकतो. त्याचे लक्ष तिकडे गुंतले की वेदनेची जाणीव घटते, असे त्या प्रयोगांत आढळले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२१ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी घरी वापरायच्या एका व्हीआर उपचाराला परवानगी दिली, आणि तो डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच मिळतो. हे सांगण्यामागे हेडसेट हे औषध आहे असे सुचवण्याचा माझा हेतू नाही. खेळणे म्हणून विकली जाणारी ही वस्तू आपल्या शरीराशी थेट बोलते आणि शरीर तिचे ऐकते, एवढे मात्र घेणाऱ्याने प्रथम लक्षात घ्यावे.

शरीर ऐकते, म्हणूनच ते बिघडतेही. वहीच्या सहाव्या पानावर मोठ्या अक्षरांत केवळ “मळमळ” एवढेच लिहिलेले आहे. त्या दिवशी मी एक असा खेळ उघडला होता ज्यात हातातल्या कंट्रोलरची कळ पुढे ढकलली की आपण आभासी वाटेने सरळ पुढे सरकतो. मी खोलीच्या मधोमध स्थिर उभी होते आणि डोळे सांगत होते की मी धावते आहे. कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारी जी इंद्रिये असतात, ती वळण्याची आणि वेग बदलण्याची खबर मेंदूला देतात. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मी जागची हललेच नव्हते. डोळ्यांची साक्ष आणि कानांची साक्ष अशी जुळेनाशी झाली की पुष्कळांना गाडी लागल्यासारखे होते. गाडीत पुस्तक वाचताना नेमके उलटे घडते, कारण तिथे कान हालचाल सांगतात आणि डोळे पान स्थिर असल्याचे सांगतात. सात मिनिटांत मी हेडसेट काढला, पण त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मला जमीन किंचित कललेली वाटत होती.

यंत्र बनवणाऱ्यांनी या त्रासावर पुष्कळ श्रम घेतले आहेत, हे मान्य करायला हवे. डोके हलल्यापासून चित्र बदलेपर्यंतचा विलंब २० मिलिसेकंदांच्या आत ठेवावा, असा या क्षेत्रातला सर्वसाधारण दंडक आहे, आणि चित्र सेकंदाला ९० किंवा त्याहून अधिक वेळा नव्याने रेखाटणारे हेडसेट आता सामान्य झाले आहेत. पुष्कळ खेळांत सरकत जाण्याऐवजी बोट दाखवलेल्या जागी क्षणात पोहोचण्याची सोय असते आणि तिने त्रास पुष्कळ कमी होतो. तरीही जिथे चित्र हलते आणि शरीर हलत नाही, तिथे कितीही वेगवान यंत्र ही विसंगती पुसू शकत नाही. मला लागलेला शोध एवढाच आहे की पहिली अस्वस्थता जाणवताच हेडसेट काढावा, आणि “थोडे सहन केले की सवय होईल” हा सल्ला निदान त्या दिवसापुरता तरी मानू नये. काहींना थोड्या थोड्या वेळाने खरोखर सवय होते. मला सरकत्या वाटेची ती दोन वर्षांत झाली नाही, आणि ज्याला गाडी लागते त्याने विकत घेण्याआधी कोणाचा तरी हेडसेट चढवून पाहणे मी आवश्यक मानते.

याच्या नेमके उलट, जिथे चित्र आणि शरीर बरोबर हलतात, तिथे हे यंत्र फार चांगले आहे. ठेक्यावर समोरून येणारे ठोकळे दोन्ही हातांनी छेदायचे, मधे येणाऱ्या भिंतींखालून वाकून निघायचे, अशा खेळाची नोंद माझ्या वहीत सर्वाधिक वेळा आहे. घाम येतो, मांड्या दुखतात आणि व्यायाम चालू आहे हे मनाला आठवतही नाही. व्यायामाचा मला मनापासून कंटाळा असल्यामुळे ही मोठीच जमेची बाजू आहे. घामाने ओले होणारे तोंडाजवळचे अस्तर मात्र धुता किंवा पुसता येणारे असावे, कारण एकच हेडसेट घरातली चार माणसे वापरतात तेव्हा ही बाब क्षुल्लक राहत नाही.

आता डोळ्यांविषयी, आणि इथे भाचीचा प्रश्न प्रत्यक्ष येतो. जवळची वस्तू पाहताना आपले दोन्ही डोळे नाकाकडे वळतात आणि त्याच वेळी डोळ्यातले भिंग त्या अंतरावर नेम धरते. या दोन क्रिया जन्मभर जोडीने चालतात. हेडसेटमध्ये पडदा डोळ्यांपासून काही सेंटिमीटरवर असतो आणि मधल्या भिंगांमुळे तो साधारण दीड-दोन मीटरवर असल्यासारखा दिसतो. हे अंतर बहुतेक हेडसेटमध्ये कायम तेवढेच राहते. आभासी फुलपाखरू नाकासमोर आले तर डोळे आत वळतात, पण डोळ्यातल्या भिंगाला नेम मात्र त्या दूरच्या पडद्यावरच धरून ठेवावा लागतो. जोडीने चालणाऱ्या क्रियांची अशी ताटातूट झाली की डोळे थकतात आणि कपाळ दुखते. पुस्तक वाचताना दर थोड्या वेळाने खिडकीबाहेर पाहण्याची आपल्याला सवय असते. हेडसेटमधल्या खिडकीबाहेर पाहिले तरी भिंगाचा नेम बदलत नाही.

शिवाय यंत्रातली दोन भिंगे आपल्या दोन बाहुल्यांसमोर नीट यावी लागतात. प्रौढांमध्ये बाहुल्यांमधले अंतर सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असते आणि मुलांचे त्याहून कमी असते. प्रत्येक हेडसेटमध्ये भिंगे जवळ-दूर करण्याला मर्यादा असते, आणि माझ्या हेडसेटमध्ये ती खालच्या बाजूला ५८ मिलिमीटर आहे. त्याहून कमी अंतर असलेल्या डोळ्यांना चित्र कडांना पुसट दिसते आणि ते जुळवण्यासाठी डोळ्यांवर अकारण ताण येतो. पुष्कळ वर्षे या यंत्रांवर १३ वर्षांखालील मुलांसाठी नाही असा इशारा असे. २०२३ साली हेडसेट बनवणाऱ्या मेटा कंपनीने पालकांच्या देखरेखीखालील खात्यांसाठी ही मर्यादा १० वर्षांवर आणली. वयाची अट बदलली, पण बाहुल्यांमधले अंतर अटीप्रमाणे वाढत नसते, आणि माझ्या मते मुलासाठी हेडसेट घेताना जन्मतारखेआधी मोजपट्टी पाहावी. ज्यांना लुकलुकत्या प्रकाशाने झटके येतात, किंवा ज्यांच्या घराण्यात तसा इतिहास आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे यंत्र डोळ्यांना लावूच नये.

वाचन आणि कार्यालयीन काम यांविषयी थोडक्यात सांगते, कारण सांगण्यासारखे फारसे नाही. समोर तीन विशाल पडदे तरंगत ठेवून काम करण्याचा प्रयोग मी दहा दिवस केला. उत्तम दृष्टी दृश्याच्या एका अंशात सुमारे ६० ठिपके ओळखू शकते, आणि अर्धा किलोच्या आसपास वजनाचे घरगुती हेडसेट अंशाला साधारण २० ते २५ ठिपके देतात. त्यामुळे अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात, आणि जोडाक्षरांनी भरलेल्या देवनागरी मजकुराला हे विशेष बाधते. कपाळ आणि गालांवर येणारा भार वेगळाच. अकराव्या दिवशी मी साध्या पडद्याकडे परतले.

आणि आता ज्या गोष्टीविषयी मला सर्वांत जास्त बोलायचे आहे तिच्याकडे वळते. मराठीत ‘खोली’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक अर्थ गहिरेपणाचा, आणि दुसरा चार भिंतींमधल्या जागेचा. हेडसेट पहिली खोली देतो आणि त्याच वेळी दुसरीतून आपल्याला उचलून नेतो. विक्रीच्या जाहिरातींत हेडसेट घातलेला माणूस नेहमी एका मोकळ्या, स्वच्छ जागेत एकटा उभा असतो. घरे तशी नसतात. उभे राहून, हातपाय हलवत वापरायला साधारण दोन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद अशी मोकळी जागा लागते. आमच्या बैठकीच्या खोलीत ती मिळवण्यासाठी मधले टेबल भिंतीला लावावे लागते, आणि त्याच्यापाशी बसून कोणी काही करत असेल तर त्याला उठवावे लागते. यंत्र जमिनीवर सीमारेषा आखून देते आणि तिच्याजवळ गेलो की जाळीची भिंत दाखवून सावध करते. ती सीमा यंत्राला ठाऊक असते, पण मागून खोलीत येणाऱ्या माणसाला ती दिसत नाही. मी एकदा ठोकळे छेदण्याच्या भरात नवऱ्याच्या मनगटावर कंट्रोलर मारला. तो मला हाक मारत जवळ आला होता. हाक मी ऐकली नव्हती.

त्या प्रसंगानंतर मनगटावरची सूज दोन दिवसांत उतरली, पण त्याने सहज म्हणून सांगितलेली एक गोष्ट माझ्या मनात राहिली. तो म्हणाला की मी पुस्तक वाचत असले, गाणे ऐकत असले, फोनवर असले तरी मी खोलीत असते. हेडसेट घातल्यावर मी खोलीत नसते, फक्त माझे शरीर खोलीत हातवारे करत असते, आणि त्याच्याकडे पाहत बसणे त्याला विचित्र वाटते. हे ऐकण्याआधी मी या यंत्राचा विचार केवळ घालणाऱ्याच्या बाजूने केला होता. घरातल्या इतर वस्तू एकटा माणूस वापरत असला तरी दुसऱ्याला त्यात डोकावता येते. दूरचित्रवाणी पाहणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसता येते, वाचणाऱ्याला काय वाचतोस असे विचारता येते आणि तो मान वर करून उत्तर देतो. हेडसेट घातलेल्या माणसाची मान ही आपल्याकडे वळण्यासाठी मोकळी राहिलेली नसते. तिची प्रत्येक हालचाल दुसऱ्याच जागेच्या सेवेत असते. आपण ज्याच्याशी बोलतो त्याचे डोळे शोधतो, आणि इथे डोळ्यांच्या जागी एक अपारदर्शक पेटी असते.

त्यावर आम्ही काही उपाय केले आणि ते उपयोगी पडले. आतले चित्र दूरचित्रवाणीच्या पडद्यावर दिसेल अशी जोडणी केली, त्यामुळे बाहेरच्याला निदान काय चालले आहे ते कळते. कान झाकणारे हेडफोन बंद केले. जवळ यायचे असेल तर आधी नाव घेऊन बोलायचे, आणि उत्तर आल्याशिवाय सीमेत पाऊल टाकायचे नाही, असे ठरवले. नव्या हेडसेटमध्ये बाहेरच्या कॅमेऱ्यांनी खोलीचे रंगीत दृश्य आत दाखवण्याची सोयही आलेली आहे आणि ती मी आनंदाने वापरते. तरीही दोघे घरी असताना हेडसेट चढवायचा असेल तर मी आता आधी विचारते, आणि त्याच्या उत्तराला किंचितही विलंब लागला तर तो चढवत नाही. वहीतल्या नोंदींची संख्या दुसऱ्या वर्षी घटली त्याचे मुख्य कारण हेच आहे. नवलाई ओसरली असे पाहणाऱ्याला वाटेल, पण ते पूर्ण खरे नाही.

या सगळ्याला एक मोठा अपवाद आहे आणि तो लिहिला नाही तर मी या यंत्रावर अन्याय करीन. माझी शाळेपासूनची एक मैत्रीण हजारो किलोमीटरवर राहते. आम्ही वर्षानुवर्षे व्हिडिओ कॉलवर बोलत आलो आहोत. तिच्याकडेही हेडसेट आल्यावर आम्ही एका आभासी तळ्याकाठी भेटलो. तिचा चेहरा तिथे व्यंगचित्रासारखा साधा होता आणि पाय तर नव्हतेच. पण बोलताना हाताच्या पंज्याने हवा कापण्याची तिची लकब तशीच होती, आणि मी काही बोलले की मान तिरकी करून थांबण्याची तिची पद्धतही तशीच होती. तिचा आवाज माझ्या डावीकडून येत होता, कारण ती डावीकडे बसली होती. मग बराच वेळ आम्ही काहीच बोललो नाही आणि तळ्याकडे पाहत राहिलो. व्हिडिओ कॉलवर गप्प बसले की आवाज गेला का असे विचारावे लागते. इथे तसे कोणी विचारले नाही. दोन माणसांमध्ये खोली नाहीच अशा वेळी हेडसेट त्यांना एक खोली देऊ शकतो, आणि त्यासाठी मी त्याची ऋणी आहे.

मानेच्या आणि हातांच्या ज्या लकबींवरून मी मैत्रिणीला ओळखले, त्यांवरून यंत्रालाही माणूस ओळखता येतो, हे कळल्यावर मात्र मी अस्वस्थ झाले. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ साली ठोकळे छेदण्याच्या त्याच प्रकारच्या खेळातल्या ५५,००० हून अधिक खेळाडूंच्या हालचालींच्या नोंदी तपासल्या. डोके आणि दोन हात यांची केवळ १०० सेकंदांची हालचाल पाहून त्यांच्या संगणकीय पद्धतीने सुमारे ९४ टक्के अचूकतेने खेळाडू ओळखला. नाव बदलता येते, खाते बदलता येते, पण उंची, हातांची लांबी आणि वळण्याची ढब बदलता येत नाही. शिवाय हे यंत्र चालते तेच मुळी कॅमेऱ्यांनी आपली खोली न्याहाळून. मानेची हालचाल टिपली नाही तर यंत्र निरुपयोगी होते, त्यामुळे ती टिपूच नये असे सांगायची सोय नाही. टिपलेले कुठे साठते आणि कोणाला दिले जाते एवढेच विचारता येते, आणि ते खाते उघडण्याआधी विचारावे. ११ वर्षांच्या मुलीच्या बाबतीत तर ही चौकशी टाळू नये असे मला कळकळीने वाटते.

टिकण्याचा प्रश्नही उरतो. चष्म्याचे किंवा दुर्बिणीचे भिंग पन्नास वर्षांनीही काम करते. हेडसेटचे आयुष्य मात्र केवळ त्याच्या काचेवर किंवा बॅटरीवर अवलंबून नसून कंपनीच्या निर्णयांवरही अवलंबून असते. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०२३ मध्ये आपली विंडोज मिक्स्ड रिॲलिटी ही प्रणाली सोडून देत असल्याचे जाहीर केले आणि विंडोज ११ च्या पुढच्या वर्षीच्या आवृत्तीतून ती काढून टाकली. तिच्यावर चालणारे, वेगवेगळ्या कंपन्यांनी बनवलेले चांगले हेडसेट त्या आवृत्तीवर निकामी झाले. म्हणून विकत घेताना हा जन्माचा सोबती आहे असे न समजता चार-पाच वर्षांचा पाहुणा समजून खर्चाचा हिशेब करावा. आणि तो आहे तोवर त्याला उन्हात ठेवू नये, कारण त्याची भिंगे सूर्यप्रकाश एकवटून आतला पडदा थोड्याच वेळात जाळू शकतात.

अखेर मी ताईला लिहिले ते हो किंवा नाही असे नव्हते. वाढदिवसाला हेडसेट न घेता सुट्टीत भाचीला माझ्याकडे पाठव, असे मी सुचवले. एका वेळी १५ मिनिटांच्या पुढे जाणार नाही, बाहेर नेहमी मी बसलेली असेन आणि पडद्यावर आतले चित्र चालू असेल, हेही कळवले. तिला खांबामागचे दार दाखवायची माझी फार इच्छा आहे, आणि ती मान कशी कलवते ते पाहायची तिच्या काकांची. पण त्याआधी एक काम तुझ्याकडे आहे, असे लिहून बाहुल्यांमधले अंतर कसे मोजायचे ते मी ताईला समजावले. मुलीने दूरच्या एका वस्तूकडे स्थिर पाहावे आणि मिलिमीटरची पट्टी तिच्या भुवयांखाली धरून एका बाहुलीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंतचा आकडा घ्यावा. तीन वेळा मोजावे आणि तिन्ही आकडे कळवावेत, असेही सांगितले.

काल तिचे उत्तर आले. तिन्ही वेळा ५५ भरले होते. त्याखाली भाचीने स्वतः लिहिले होते की हे अंतर वर्षाला किती वाढते ते मावशीने सांगावे, आणि तोपर्यंत दर वाढदिवसाला ती स्वतः मोजून कळवेल. मी वहीत नवे पान उघडले, वर तिचे नाव लिहिले, तारीख घातली आणि ५५ हा आकडा मांडून खालच्या ओळी मोकळ्या सोडल्या.